वारा पडतो तेव्हाचं शीड

पुण्यात कुठल्याही गच्चीवर सकाळी नऊच्या सुमाराला वाळत घातलेले कपडे बघा. वारा असून नसल्यासारखा असतो. जीन्सची पँट जागची हलत नाही. सुती चादरीची कड थोडीशी थरथरते. आणि शेजारची नायलॉनची साडी मात्र पदरापासून निऱ्यांपर्यंत फुगलेली असते. वारा तिघींना एकच मिळतो, फरक कापडाच्या वजनाचा असतो.

शिडाच्या छोट्या बोटीसाठी हलक्या वाऱ्याचं शीड कसं निवडायचं, हे कुणी विचारलं की मी आधी त्याला ही दोरी दाखवतो. आम्ही कोथरूडचे तीन मित्र मिळून एक २६ फुटी बोट चालवतो. बोट असते मांडव्याच्या बाजूला. आठवडाभर पुण्यात आणि सुट्टीला घाट उतरून समुद्रावर, असा क्रम ऑक्टोबर ते मे चालतो. हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी नुसत्या शिडांच्या नावांची यादी देऊन संपवलेलं दिसतं. नावं नंतर येतील. आधी वारा समजून घेऊ.

वारा निम्मा झाला की त्याचा जोर निम्मा होत नाही, पाव होतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. नाविक वेग नॉटमध्ये मोजतात, एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. १० नॉटचा वारा एका चौरस मीटरवर साधारण १.६ किलोचा दाब देतो. ५ नॉटला तो दाब ४०० ग्रॅमवर येतो, आणि ३ नॉटला जेमतेम १४५ ग्रॅमवर.

आता हा १४५ ग्रॅमचा आकडा कापडाशेजारी ठेवा. बोटीबरोबर येणारी नेहमीची शिडं डॅक्रॉनची, म्हणजे घट्ट विणलेल्या पॉलिस्टरची असतात. आमच्याएवढ्या बोटीला ते कापड चौरस मीटरला २०० ते २२० ग्रॅमचं असतं. म्हणजे ३ नॉटच्या वाऱ्यात शीड वाऱ्याच्या ढकलण्यापेक्षा जड आहे. वारा आडवा ढकलतो, वजन खाली ओढतं आणि वजन जिंकतं. शीड लोंबतं. त्याला पंखासारखा गोलावा येत नाही, आणि गोलावा नाही तर ओढ नाही. त्यात पहाटेच्या दवाने कापड भिजलेलं असेल तर आणखीच कठीण.

हलक्या वाऱ्याच्या शिडाचं नायलॉन शिडवाल्यांच्या भाषेत ‘पाऊण औंस’ किंवा ‘दीड औंस’ असतं. (हा औंस पूर्ण यार्डाच्या चौकोनावर नव्हे, २८.५ इंच बाय ३६ इंचांच्या तुकड्यावर मोजतात. आकडे ताडून बघताना गोंधळ होतो म्हणून सांगितलं.) पाऊण औंसाचं म्हणून विकलं जाणारं कापड प्रत्यक्षात चौरस मीटरला सुमारे ४० ग्रॅम भरतं, दीड औंसाचं ६५च्या आसपास. त्याच ३ नॉटच्या झुळकीत हे कापड उभं राहतं.

म्हणून हलक्या वाऱ्याचं शीड मोठं असावं लागतं हे खरं असलं, तरी अर्धंच खरं आहे. आधी ते हलकं असावं लागतं. जाड कापडाचं शीड कितीही मोठं केलं तरी त्याचं वजनही त्याच प्रमाणात वाढतं.

पाण्याखालचा हिशोबही थोडा आहे. बोट सावकाश चालते तेव्हा पाणी तिला अडवतं ते मुख्यतः घासून. लाटा उसळवण्यात शक्ती जाते ती वेग वाढल्यावर. त्यामुळे मंद वाऱ्यात बोटीचा तळ किती स्वच्छ आहे याला फार महत्त्व येतं. आपल्या किनाऱ्याच्या कोमट पाण्यात तळावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर झपाट्याने चढतो. तो थर तसाच ठेवून नवीन शीड विकत घेणं म्हणजे सायकलचा ब्रेक घासत असताना नवी चेन बसवणं. आधी तळ घासा. मग शिडाचं बघू.

आता दुसरा वारा. कर्वे रस्त्यावर पान हलत नसताना दुचाकी काढली तरी तोंडावर वारा येतोच. तो तुम्हीच तयार केलेला असतो. बोटीवरही तसंच होतं. समुद्रावर वाहतो तो खरा वारा आणि बोटीच्या चालीमुळे बदलून शिडाला मिळतो तो जाणवणारा वारा. शिडाला दुसराच कळतो.

खरा वारा ६ नॉट आहे असं धरू. तो बरोबर काटकोनात बाजूने येतोय आणि बोट ४ नॉटने चालली आहे. दोन्ही मिळून शिडाला ७.२ नॉटचा वारा मिळतो, आणि तोही पुढे सरकून नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, साधारण ५६ अंशांवरून. म्हणजे बोटीने चालून स्वतःचा वारा वाढवून घेतला. आता तोच वारा थेट पाठीमागून घ्या. बोट ३ नॉटने चालली तर शिडाला उरतो तोही ३च नॉट. दाब पाव झाला. वारा पाठीशी असणं आपण बोलीत चांगलं मानतो. मंद वाऱ्यात शिडाच्या बोटीला ती सगळ्यात अवघड दिशा असते.

यातून बाहेर पडायची युक्ती म्हणजे सरळ न जाता तिरकं जाणं. वारा थेट पाठीवर घेण्याऐवजी ३० अंश वळलात आणि त्यामुळे बोट ३ ऐवजी ४ नॉटने धावू लागली, तर मुक्कामाच्या दिशेने तुम्ही जवळजवळ साडेतीन नॉटने सरकता. अंतर १५ टक्के जास्त कापावं लागतं, तरी आधी पोचता. त्याहून मोठा फायदा असा की जाणवणारा वारा पाठीवरून सरकून जवळजवळ बाजूला येतो. मग शीड नुसतं फुगून ढकललं जात नाही, पंखासारखं ओढू लागतं. दोन टप्प्यांत नागमोडी जायचं, एकदा डाव्या अंगाला वारा घेऊन, एकदा उजव्या.

म्हणून शीड घेण्याआधी प्रश्न विचारायचा तो हा: माझ्या नेहमीच्या वाटेवर मंद वारा कोणत्या कोनातून येतो?

आपल्या किनाऱ्यापुरतं त्याचं उत्तर बऱ्यापैकी ठरलेलं आहे आणि ते सहावी-सातवीच्या भूगोलात आपण सगळ्यांनी पाठ केलं आहे. मतलई वारे आणि खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दुपारी जमीन तापते आणि वारा उलटा फिरतो. हिवाळ्यात अलिबागच्या बाजूला सकाळी पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून मंद मतलई असते. मग मधे तास-दोन तास वारा पडतो, समुद्र तेलासारखा दिसतो. आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो, तो संध्याकाळपर्यंत चांगला जोर धरतो. शिडाच्या होड्यांचे दिवस होते तोवर कोळी पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतत.

वारा पडला की मोठ्या शिडाच्या जहाजाचं काय होतं हेही या पाण्याने पाहिलं आहे. १६७९मध्ये खांदेरीच्या लढाईत इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना वारा हवा असे, मराठ्यांच्या छोट्या होड्या वल्ह्यांवर हव्या तिकडे वळत. पुढे आंग्र्यांच्या आरमारात गलबतांना ४०-५० वल्ही असत आणि वारा नसला की गलबतं गुराबांना, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांना, दोर लावून ओढून नेत. आज वल्ह्यांची जागा डिझेल इंजिनाने घेतली आहे. इंजिन सुरू करण्यात काहीच चूक नाही. पण आमच्या बाजूला मासेमारीच्या डोल जाळ्यांचे दोर आणि तरंगते पिंप जागोजागी असतात. इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यात दोर अडकला की भर समुद्रात पाण्यात उतरून तो कापावा लागतो. शिडावर चालणाऱ्या बोटीचा पंखा थांबलेला असतो, हा मला हलक्या वाऱ्याच्या शिडाचा फार मोठा फायदा वाटतो. तरीही जाळ्यांवर नजर हवीच. सुकाणूला दोर अडकू शकतो.

तर वाट धरू मांडवा ते मुरुड. सरळ दक्षिणेला २८-३० नॉटिकल मैल. दुपारी वायव्येचा वारा घेऊन निघालात तर तो मागून तिरका येतो, नाळेपासून १३५ अंशांच्या आसपास. परतताना दुपारचा वारा नाकासमोर असतो, म्हणून शहाणा माणूस पहाटे निघतो आणि मतलईवर उत्तरेला येतो. तेव्हा वारा उजवीकडून, ४५ ते ९० अंशांत. दोन वाटा, दोन कोन. या दोन कोनांना एकच शीड सारखं चालत नाही.

आता नावं. आधी शिडांच्या भाषेतला एक घोटाळा मिटवतो. ‘शीट’ म्हणजे कापड नाही, शीड आत-बाहेर करायचा दोर. ‘हॅलियार्ड’ म्हणजे शीड डोलकाठीवर चढवायचा दोर. शिडाची पुढची उभी कड ती ‘लफ’. लफचा खालचा कोपरा ‘टॅक’ आणि शीट बांधतात तो मागचा कोपरा ‘क्ल्यू’. एवढ्यावर काम भागतं.

बहुतेक जुन्या बोटींवर जेनोआ, म्हणजे डोलकाठीपुढचं मोठं शीड, डोलकाठीपासून नाळेपर्यंत ताणलेल्या पुढच्या तारेवर गुंडाळीवर असतो, १३० ते १५० टक्क्यांचा. टक्केवारी डोलकाठीपासून नाळेपर्यंतच्या अंतराशी ताडून मोजतात. सगळ्या वाऱ्यात एकच शीड, हा त्यामागचा विचार. पण मंद वाऱ्यात तो जड पडतो आणि जोराच्या वाऱ्यात अर्धा गुंडाळला की त्याचा आकार बिघडतो. माझं स्पष्ट मत असं आहे की गुंडाळीवर १०० ते ११० टक्क्यांचं आटोपशीर शीड ठेवावं आणि मंद वाऱ्यासाठी खरोखर हलकं असं वेगळं शीड घ्यावं.

त्यातलं पहिलं शीड ड्रिफ्टर. आज त्याची जाहिरात कमी दिसते आणि मला त्याचं वाईट वाटतं. दिसायला तो जेनोआच, पण दीड औंसाच्या नायलॉनचा. लफमध्ये दोर शिवलेला असतो, त्यामुळे तो नाळेवर टॅक बांधून स्वतःच्या लफवर उभा राहतो. पुढच्या तारेवरची गुंडाळी तशीच राहू देता येते. वेगळा दांडा लागत नाही. वारा ६० अंशांपासून पार मागेपर्यंत चालतो. लफ चांगला ताणला आणि समुद्र सपाट असला तर त्याहून थोडं वरही जाता येतं. एक माणूस हातांनी चढवतो आणि उतरवतो, एका पिशवीत तो मावतो. परतीच्या पहाटेच्या मतलईसाठी छोट्या बोटीला याच्याइतकं सोपं शीड मी पाहिलेलं नाही. त्याची मर्यादा एकच. नायलॉन ताणतं. वारा ८-१० नॉटच्या वर गेला की पोट मागे सरकतं, बोट पुढे जाण्याऐवजी आडवी होते. तेव्हा ते उतरवायचं आणि नेहमीचं शीड उघडायचं.

दुसरं, असममित स्पिनेकर. क्रूझिंग शूट, जेनेकर अशीही याची नावं चालतात, शिवणाऱ्यानुसार थोडा फरक असतो. रंगीत, मोठ्या पोटाचं, फुग्यासारखं शीड आपण फोटोत बघतो ते हे. टॅक नाळेवरच्या दोराला, बाकी लफ मोकळा. वारा साधारण ८० ते १५० अंशांत असला की ते उत्तम चालतं, म्हणजे मुरुडकडे जाताना दुपारचा वारा जोर धरेपर्यंत. थेट पाठीवरच्या वाऱ्यात मात्र मोठं शीड, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड, त्याच्यासमोर आडवं येतं आणि ते कोसळतं. म्हणून मघाचं नागमोडी जाणं इथे उपयोगी पडतं.

याचा आकार किती? डोलकाठीची उंची आणि डोलकाठी ते नाळ हे अंतर यांच्या गुणाकारावरून अंदाज येतो. आमच्या बोटीवर उंची साडेनऊ मीटर, अंतर ३ मीटर, गुणाकार २८.५. क्रूझिंगसाठी त्याच्या दीडपट, म्हणजे सुमारे ४३ चौरस मीटर, हा समजूतदार आकडा आहे. चौरस फुटांत ४६०. पुण्यात एवढ्या कार्पेट एरियात एक वन बीएचके बसतो. आणि हे सगळं पाऊण औंसाच्या कापडात जेमतेम दोन किलो भरतं, वर पट्ट्या आणि कडांचं थोडं वजन. याच बोटीवरचा १५० टक्क्यांचा डॅक्रॉन जेनोआ २१ चौरस मीटरचा असतो आणि त्याचं नुसतं कापड साडेचार किलो असतं. क्षेत्र दुप्पट, वजन निम्म्याहून कमी.

एवढं कापड आवरायचं कसं, ही भीती रास्त आहे. त्यासाठी शिडावर वरून खाली ओढायचा लांब मोजा असतो, त्याला सॉक किंवा स्नफर म्हणतात. मोजा घातलेलं शीड वर चढवायचं, मग मोजा वर ओढला की शीड उमलतं. उतरवताना बोट वाऱ्यापासून लांब वळवायची, म्हणजे मोठ्या शिडाच्या आडोशाला हे शीड निपचित पडतं. शीट पूर्ण सोडायची आणि मग मोजा खाली ओढायचा. शीट सोडण्याआधी मोजा ओढू नका, भरलेल्या शिडावर मोजा खाली येत नाही आणि तोल जातो तो माणसाचा. हे सगळं वारा नसलेल्या सकाळी, बोट बांधलेली असताना दहा वेळा करून बघावं.

जुना सममित स्पिनेकर थेट पाठीच्या वाऱ्यात अजूनही सगळ्यात चांगला, पण त्याला आडवा दांडा, दांड्याचे दोर आणि निदान तीन जाणती माणसं लागतात. आम्ही पहिल्या वर्षी स्वस्तात मिळाला म्हणून जुना घेतला. दोन मोसम तो पिशवीतून बाहेर आला नाही, कारण बोटीवर बहुतेक वेळा आम्ही दोघंच असायचो. शीड विकत घेताना वाऱ्याइतकाच हातांचा हिशोब करा. दोघंच जाणार असाल तर दोघांना झेपेल तेच घ्या. आणि पाठीवरच्या वाऱ्यासाठी जिबचा, म्हणजे पुढच्या नेहमीच्या शिडाचा, क्ल्यू एका हलक्या काठीने बाहेर धरून, मोठं शीड दुसऱ्या अंगाला सोडून चालता येतं. दोन पंख पसरल्यासारखं. त्याला काठीपलीकडे खर्च नाही.

कोड झिरो हे नाव हल्ली सारखं ऐकू येतं, म्हणून त्याबद्दल थोडं. १९९७-९८च्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत ‘ईएफ लँग्वेज’ या बोटीने हे शीड गाजवलं आणि शर्यतही जिंकली. नियमाप्रमाणे ते स्पिनेकर होतं, कारण त्याची मधली रुंदी तळाच्या किमान ७५ टक्के ठेवली होती. चालायचं मात्र जेनोआसारखं, जवळच्या कोनात. क्रूझिंग बोटीवर असली अट नसते, म्हणून आपल्यासाठी ते आणखी सपाट शिवतात, ४५-५० अंशांपासून बाजूच्या वाऱ्यापर्यंत चालतं आणि स्वतःच्या दोराभोवती गुंडाळता येतं. फार छान शीड आहे. पण त्याचा लफ सरळ राहण्यासाठी हॅलियार्ड जबरदस्त ताणावा लागतो, नाळेपुढे मजबूत दांडा लागतो आणि गुंडाळीचा खर्च वेगळा. २६ फुटी जुन्या बोटीच्या डोलकाठीवर हा ताण टाकण्याआधी मी जाणकाराला डोलकाठी दाखवेन. आमच्या बोटीसाठी मी ते घेतलेलं नाही.

तर माझा क्रम असा: मांडवा-मुरुडसारख्या वाटेसाठी आधी ड्रिफ्टर, पुढच्या वर्षी मोजा घातलेलं असममित शीड. तुमची बोट गोव्याकडे एकाच दिशेने लांब जाणार असेल तर क्रम उलटा करा.

ऑर्डर देण्याआधी डोलकाठीवर चढून एक गोष्ट बघायलाच हवी. असममित शिडाचा हॅलियार्ड पुढच्या तारेच्या वरून बाहेर पडतो का? खालून पडत असेल तर शीड तारेच्या मागे अडकेल आणि वळताना घासून फाटेल. मापं स्वतः टेपने घ्या, बोटीच्या जुन्या कागदावरून देऊ नका. जुनं शीड घेत असाल तर ते उजेडासमोर धरा. टाचणीएवढी भोकं चालतात. पण कापड दोन बोटांत धरून हलकेच ओढल्यावर फाटत असेल तर उन्हाने ते संपलेलं आहे.

छोट्या गोष्टींनीही फरक पडतो. हलक्या शिडाला ६ मिलिमीटरची बारीक शीट लावा आणि ती क्ल्यूला लोखंडी कडीऐवजी गाठ मारून बांधा. ३ नॉटच्या वाऱ्यात तेवढी कडीसुद्धा कोपरा खाली ओढते. माणसं वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे शीड झुकतं त्या बाजूला बसवा. बोट थोडी कलली की शीड स्वतःच्या वजनाने आकार धरतं. आणि दोर जास्त आवळू नका, मंद वाऱ्यात शिडाला मोकळं ठेवावं लागतं.

उतरवायचं कधी? अंदाज निघण्याआधी बघाच. शिवाजीनगरच्या ज्या कचेरीला जुने पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात, ती हवामान खात्याची. १९२८मध्ये मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते नाव. अंदाजातला वारा साधारण १० मीटर उंचीवरचा असतो, पाण्याजवळ तो कमी लागतो. समुद्रावर मात्र डोळे वापरा. पाण्यावर इथे-तिथे पांढरे तुरे दिसायला लागले की वारा ७ ते १० नॉटमध्ये आलेला आहे. असममित शीड अजून चालेल, मोजा मात्र हाताशी ठेवा. तुरे सगळीकडे दिसले की शीड आधीच पिशवीत असायला हवं. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात ही वाढ अर्ध्या तासात होते आणि पाठीच्या वाऱ्यात ती जाणवत नाही, कारण बोट वाऱ्याबरोबर पळत असते. वळलं की कळतं. अंधारात आम्ही हे शीड वर ठेवत नाही.

मोसम संपला की शिडं पुण्याला येतात. नायलॉनला सगळ्यात वाईट ऊन, त्याखालोखाल मीठ. मिठाचे कण हवेतलं पाणी ओढतात आणि पावसाळ्यात पिशवीत बुरशी धरते. म्हणून मेअखेरीस आम्ही शीड टबात गोड्या पाण्यात दोनदा बुचकळतो, साबण लावत नाही, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीत दोन-तीन दोरींवर पसरतो. वाळलं की उजेडाकडे धरून भोकं शोधायची, चिकटणारी नायलॉनची पट्टी कापडाच्या दोन्ही बाजूंनी लावायची, पट्टीचे कोपरे गोल कापायचे म्हणजे ते सुटत नाहीत. मग घडी न घालता सैल कोंबून पिशवीत. पिशवी कपाटाच्या वरच्या खणात, भिंतीला न टेकता.